आकाशगंगेची कच्ची नोंद

सौरभ : आबा, अरफातचा पहिला नंबर आला.

दत्तोबा : काय म्हणतोस! कशात?

सौरभ : कशात नाही. मी काही बोललोच नाही.

दत्तोबा : आत्ता तर म्हणालास, अरफातचा पहिला नंबर आला.

सौरभ : कोण अरफात?

दत्तोबा : रसूलचा अरफात. वालचंदनगरात मोटार वायंडिंगचं दुकान हाय ज्याच्या बापाचं. बालवाडीपासनं तुमी दोघं एका डब्यात जेवलाय.

सौरभ : असेल. मला आठवत नाही. आज बारामतीत कुठलीही स्पर्धा झाली नाही, मी तिथं गेलो नाही, दिवसभर अंथुर्ण्यात घरीच होतो.

दत्तोबा : दिवसभर घरी मी व्हतो. तू न्हवतास. आन् छातीला ह्यो बिल्ला कसला?

सौरभ : हा? शर्टाबरोबर आला.

दत्तोबा : त्याच्यावर 'सहभागी' लिवलंय.

सौरभ : शर्टाचं माप असेल. लहान, मध्यम, मोठा, सहभागी.

दत्तोबा : सौऱ्या, गुडघ्याला तेल लावून आत्ता कुठं पाय लांब केलाय. मला उठाय लावू नको. बस हितं बाजेवर आन् पयल्यापासनं सांग.

सौरभ : कॉलेजातल्या विज्ञान मंडळाची स्पर्धा होती. आजी-माजी विद्यार्थी सगळ्यांना खुली. विषय असा, की आपल्या आकाशगंगेत माणसासारखे हुशार जीव, आपल्याला धरून, एकूण किती ठिकाणी असतील, त्याचा अंदाज काढायचा. आकडा सांगायचा, आणि तो कसा काढला तेही सांगायचं.

दत्तोबा : आन् खरा आकडा कुणाला ठावं हाय?

सौरभ : कुणालाच नाही.

दत्तोबा : मंग नंबर कसा काढला?

सौरभ : हाच तर माझा मुद्दा आहे, आबा. तुम्ही एकटेच मला समजून घेता.

दत्तोबा : मी काय बी समजून घेतलं न्हाय अजून. तू काय केलंस ते सांग.

सौरभ : मी तीन आठवडे खपलो. लॅपटॉपवर चाळीस पानं केली. मागं निळं आकाश, त्यात चांदण्या हलतायत. एका अमेरिकन शास्त्रज्ञाचं सूत्र आहे, ते घेतलं. सात आकड्यांचा गुणाकार. दर वर्षी किती तारे जन्मतात, त्यातल्या किती ताऱ्यांना ग्रह, त्यातले किती ग्रह राहण्याजोगे, त्यातल्या किती ग्रहांवर जीव, त्यातले किती हुशार, त्यातले किती जण आकाशात संदेश सोडतात, आणि सोडायला लागल्यावर किती वर्षं टिकतात.

दत्तोबा : ह्ये सातबी आकडे तुला ठावं हायेत?

सौरभ : पहिले दोन शास्त्रज्ञांना माहीत आहेत. उरलेले पाच मी ठेवले.

दत्तोबा : कसे ठेवलेस?

सौरभ : सुबक.

दत्तोबा : बरं. आन् गुणाकार काय आला?

सौरभ : एकतीस हजार दोनशे पन्नास पूर्णांक पाच दशांश.

दत्तोबा : त्यो अर्धा कोण?

सौरभ : परीक्षक माधवी मॅडमनीही हेच विचारलं. मी म्हणालो, मॅडम, ते अर्धे आपण. मला वाटलं हॉल हसेल.

दत्तोबा : हसला?

सौरभ : एक जण हसला. अरफात. त्याला हसायचा काय अधिकार होता? तो माझ्यानंतर बोलणार होता.

दत्तोबा : हसला तरी वाईट, न्हाय हसला तरी वाईट. आन् त्यानं काय केलं?

सौरभ : त्यानं एक ऊस आणला होता. वाढ्यासकट, शेंड्याच्या हिरव्या पानांसकट. बस वालचंदनगरहून येते, तो तिथं जागा धरून बसलेला, आणि मी अंथुर्ण्यात चढलो तर खिडकीशी ऊस बसवलाय आणि मी उभा. कंडक्टर विचारतोय, ह्याचं तिकीट कुणाचं.

दत्तोबा : दोनशे पासष्ट जातीचा व्हता न्हवं? जाड, हिरवा?

सौरभ : तुम्हाला कसं माहीत?

दत्तोबा : आपल्याच मागच्या वावरातला हाय की. काल सांजच्याला आला व्हता, म्हणाला तात्या, एक ऊस पायजे. म्हणलं घे.

सौरभ : म्हणजे तुम्ही त्याला ऊस दिलात!

दत्तोबा : कशाला पायजे ते मी इच्यारलं न्हाय.

सौरभ : तीन आठवडे मी पलीकडच्या खोलीत बसून विश्व मोजत होतो. मला तुम्ही काय दिलंत?

दत्तोबा : तू काय मागितलंस?

सौरभ : ...चार्जर.

दत्तोबा : दिला का न्हाय?

सौरभ : दिलात. पण चार्जरला वाढं नव्हतं, आबा. चार्जर बघून परीक्षक खुर्चीत पुढं सरकत नाहीत. त्यानं ऊस टेबलावर आडवा ठेवला आणि सगळ्या मॅडम, सगळे सर मान वाकडी करून बघायला लागले. जन्मात ऊस बघितला नसल्यासारखे. बारामतीत!

दत्तोबा : पुढं काय बोलला त्यो?

सौरभ : म्हणाला, मी वायरमन माणूस, मला सूत्र येत नाही, पण आमच्या तात्यांनी मला उभ्या उसाचा अंदाज काढायला शिकवलंय. आमचे तात्या, आबा! 'आमचे' म्हणाला. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मला वाटलं उठून रेशनकार्ड दाखवावं.

दत्तोबा : म्हणू दे की. त्यानं काय माझं वजन कमी व्हतंय?

सौरभ : मग सांगायला लागला, कारखान्याचा चिटबॉय म्हणजे काय. कागदावर शेतकी मदतनीस, पण सगळा तालुका चिटबॉयच म्हणतो. तो शेतोशेत फिरून लागणीची नोंद घेतो आणि कुणाच्या रानात किती टन निघेल ते तोडणीच्या आधी सांगतो. सगळा ऊस मोजत नाही. एक गुंठा आखतो, त्यातले ऊस मोजतो, चार तोडून वजनं घेतो, आणि एकराला चाळीस गुंठे म्हणून चाळीसनं गुणतो.

दत्तोबा : बराबर हाय.

सौरभ : तुम्ही 'बरोबर' म्हणू नका. मी तक्रार सांगतोय.

दत्तोबा : बरं, न्हाय म्हणत. सांग.

सौरभ : मग त्यानं उसाच्या कांडीवर बोट ठेवलं. म्हणाला, हा डोळा. एकेक डोळा म्हणजे एकेक ग्रह. डोळा असला म्हणजे तो उगवतोच असं नाही. उगवला तरी त्याला फुटवे येतीलच असं नाही. फुटव्यांतले निम्मे मरतात.

दत्तोबा : निम्म्याच्या वर.

सौरभ : आबा!

दत्तोबा : चुकून निघालं तोंडातनं.

सौरभ : मग म्हणाला, ऊस झाला तरी प्रत्येकाला तुरा येत नाही. तुरा म्हणजे आकाशात सोडलेला संदेश. लांबून दिसतो तो फक्त तुरा आलेला ऊस. पण तुरा आला की उसाची वाढ थांबते.

दत्तोबा : ह्ये मी त्याला सणसरच्या रस्त्याला सांगितलं व्हतं. ध्यानात ठेवलं पोरानं!

सौरभ : आणि शेवटी हुमणी. अळी मुळं खात असते, वरून रान हिरवंगार. चार दिवसांनी हात लावला की बुडखा हातात. म्हणाला, संस्कृती किती वर्षं टिकेल ते वरून बघून सांगता येत नाही, खाली हुमणी किती आहे ते बघावं लागतं. हे ऐकून माधवी मॅडमनी चष्मा काढला. माझ्या चाळीस पानांत त्यांनी चष्मा एकदाही काढला नव्हता.

दत्तोबा : आन् त्याचा आकडा किती आला?

सौरभ : एक.

दत्तोबा : एकच?

सौरभ : फळ्यावर लिहिला. बाजूला कंसात 'कच्ची नोंद'. कारण काय, तर म्हणाला, आपण आख्ख्या आकाशगंगेत एकच ऊस बघितलाय, तो म्हणजे आपण. आणि तोही बांधावरचा. बांधाकडच्या सरीला ऊन जास्त, वारा जास्त, म्हणून तिथला ऊस नेहमी जाड असतो. आपल्याला सगळं बरोबर मिळालं म्हणूनच तर आपण बघायला उरलो. आता आपल्याकडंच बघून सगळी आकाशगंगा अशीच भरलेली असेल म्हणणं म्हणजे बांधावरून अंदाज काढणं. तात्या सांगतात, बांधावरून अंदाज काढायचा नाही, आत शिरायचं. आपल्याला अजून आत शिरता आलेलं नाही. तोवर कच्ची नोंद.

दत्तोबा : (डोळे पुसतो.)

सौरभ : काय झालं?

दत्तोबा : काय न्हाय. डोळ्यात तेल ग्येलं.

सौरभ : तेल गुडघ्याला लावलंय तुम्ही.

दत्तोबा : हात लागला आसंल.

सौरभ : अजून सगळं सांगितलं नाही मी. त्याच्या तक्त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : 'मार्गदर्शक : श्री. दत्तोबा अप्पा रुपनवर, शेतकी मदतनीस (निवृत्त).' मॅडमनी विचारलं, हे आलेत का? तो म्हणाला, तात्यांचा गुडघा धरलाय, ते नाही आले, पण त्यांचा मुलगा आलाय. आणि माझ्याकडं बोट केलं.

दत्तोबा : मंग?

सौरभ : मग काय! दोनशे माणसं मागं वळली. मी उभा राहिलो. नमस्कार केला. टाळ्या झाल्या. आज दिवसभरात मला मिळालेल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या. मुलगा म्हणून. काही न करता.

दत्तोबा : चांगलंच झालं की.

सौरभ : माझ्या बापाचं नाव भर हॉलमध्ये दुसऱ्यानं घेतलं, आणि मी सत्काराला आल्यासारखा हात जोडून उभा. माझ्या चाळीस पानांत तुमचं नाव नव्हतं, आबा. अमेरिकन माणसाचं होतं.

दत्तोबा : त्याला कोण मुलगाबिलगा हाय का?

सौरभ : कुणाला?

दत्तोबा : त्या अमेरिकन माणसाला. त्येला बरं वाटलं आसतं.

सौरभ : मी हरकतीचा अर्ज लिहिलाय. बसमध्येच लिहिला, मोबाईलवर. ऐका. 'प्रति, माननीय संयोजक, महोदय.'

दत्तोबा : महोदयाच्या आधी विषय.

सौरभ : आहे. 'विषय : निकालास स्थगिती मिळणेबाबत.'

दत्तोबा : 'मिळणेबाबत' झ्याक हाय. पुढं.

सौरभ : 'वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, उसाचा कोणताही अंदाज बरोबर की चूक, हे तोडणी होऊन काट्यावर वजन झाल्याशिवाय ठरत नाही. सबब आकाशगंगेची तोडणी पूर्ण होऊन प्रत्यक्ष वजन हाती येईपर्यंत पहिला क्रमांक राखून ठेवावा.'

दत्तोबा : तोडणीला टोळ्या कुटनं आणायच्या?

सौरभ : तो प्रशासनाचा प्रश्न आहे. मुद्दा दोन. 'स्पर्धक अरफात यांनी अर्जदाराचे वडील विनापरवाना वापरले.'

दत्तोबा : विनापरवाना न्हाय. ऊस नेताना मला इच्यारलं त्यानं.

सौरभ : उसाचं विचारलं. वडिलांचं विचारलं नाही. मुद्दा तीन. 'इतर ग्रहांवर हुशार जीव असल्यास त्यांनी पंधरा दिवसांत समक्ष हजर राहून हरकत घ्यावी, अन्यथा ते नाहीत असे समजण्यात येईल.'

दत्तोबा : ह्ये तर अरफातच्याच बाजूचं झालं. कुणी आलं न्हाय तर त्याचा एकचा आकडा पक्का व्हतोय.

सौरभ : ...खोडतो. खरं सांगू का आबा, मला आता वाटतं तिकडं कुणी नसलेलंच बरं. असले की त्यांचाही कुणीतरी पहिला येणार. आपण इथं बसून कितीही काही केलं तरी तिकडं कुठल्यातरी ग्रहावरचा अरफात एक ऊस घेऊन येणार.

दत्तोबा : तारीख कुटली टाकलीस अर्जावर?

सौरभ : कालची. निकालाच्या आधीची. म्हणजे हरकत आधीच घेतली होती असं दिसतं.

दत्तोबा : काढ ती.

सौरभ : एक दिवसाचा तर प्रश्न आहे.

दत्तोबा : मागची तारीख न्हाय चालायची. ह्या घरात न्हाय.

सौरभ : माहितीय. तुमच्या सख्ख्या मेहुण्याला चालली नाही, मला काय चालणार!

दत्तोबा : आता इजयसिंहाला कशाला मधी आणतोस?

सौरभ : का नाही? आईचा एकुलता भाऊ. तो म्हणाला, दाजी, लागणीची तारीख आठच दिवस मागची लिहा, म्हणजे तोडीची पाळी लवकर येईल. सगळे चिटबॉय सगळ्या पाहुण्यांना लिहून देतात. तुम्ही दिली नाहीत. मामा तीन दिवाळ्या घरी आला नाही. आई त्याचा फराळाचा डबा बसनं पाठवायची, आणि तो रिकामासुद्धा परत यायचा नाही.

दत्तोबा : ज्या दिशी कांडी जमिनीत, त्या दिशीची तारीख. त्याच्या आदली लिवली तर दुसऱ्या कुणाची तरी पाळी मागं जाती. पाहुणा म्हणून काय उसाला कळतं?

सौरभ : तुमच्या नोंदींच्या वहीत मी कुठल्या तारखेला आहे, ते तरी सांगा.

दत्तोबा : म्हंजे?

सौरभ : म्हणजे तीस वर्षं सायकलवर तालुकाभर फिरलात. रसूलकाकांच्या पोराला कॅरिअरवर बसवून सगळं शिकवलंत. तुरा, हुमणी, गुंठा, सगळं. मला काय शिकवलंत? मी तुमचा मुलगा. हे मला आज बारामतीत टाळ्या वाजल्या तेव्हा कळलं, की तुम्हाला हे सगळं येतं. दोनशे परक्या माणसांबरोबर कळलं.

दत्तोबा : तुला इच्यारलं व्हतं.

सौरभ : कधी?

दत्तोबा : थांब. मोटरसायकल वाजली. त्योच आसंल.

सौरभ : मी घरी नाही म्हणून सांगा.

(अरफात दारातून आत येतो, एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात तोच ऊस.)

अरफात : तात्या, सलाम! पाया पडू द्या आधी. न्हाय, गुडघ्याला हात लावत न्हाय, लांबनंच पडतो. सौऱ्या, भावा, तू कुठं गायब झालास? मी स्टँडवर तुला हुडकत व्हतो, दोन बसा सोडल्या. शेवटी बारामतीच्या एका मित्राची गाडी मागून आलो.

सौरभ : मी घरी नाही.

अरफात : बरं. आल्यावर पेढा दे त्याला. तात्या, तोंड उघडा.

दत्तोबा : शाब्बास रं पोरा. लई नाव काढलंस.

सौरभ : कुणाचं?

अरफात : तात्याचंच की! आन् ह्यो ऊस परत आणलाय. बक्षीस मिळाल्यावर सगळे म्हणत व्हते तुकडे करून वाटू. म्हणलं न्हाय, ज्याचा हाय त्याच्या दारात नेऊन ठेवणार.

सौरभ : वडीलही परत आणलेस का?

अरफात : काय?

दत्तोबा : त्याच्याकडं ध्यान दिऊ नको. त्याला पोटात दुखतंय.

अरफात : पोटात न्हाय, तात्या. मला दिसत व्हतं की तिसऱ्या रांगेत. सौऱ्या, तू हुबा राह्यलास तवा तुझं तोंड कसं झालं व्हतं सांगू का? आमच्या दुकानात जळकी मोटार आणून, 'कालपतूर चांगली व्हती' म्हणत्यात ना लोक, तसं.

सौरभ : मला फक्त एक सांग. तुला शिकवायला आबांनी बोलावलं, की तू आपण होऊन गेलास?

अरफात : कुणी बोलवतंय! सातवीचा मे महिना. आपण दोघं ग्येलो व्हतो. इसरलास?

सौरभ : आपण दोघं?

अरफात : तू फुडं नळीवर, मी मागं कॅरिअरवर. तात्या म्हणालं, चला रं, आज मोजणी शिकवतो. लासुर्ण्याच्या अलीकडचं रान व्हतं. आत शिरलो आन् दहा पावलांत तुझ्या कानाला उसाचं पातं लागलं. केवढं रगात! तू बाहेर पळालास, आन् बांधावर बसून म्हणालास, मी हितनंच मोजतो.

सौरभ : असं काही झालेलं नाही.

दत्तोबा : डाव्या कानाला वण हाय अजून. हात लावून बघ.

सौरभ : ती जन्मखूण आहे.

दत्तोबा : जल्माच्या टायमाला मी व्हतो. न्हवता वण.

अरफात : आन् आमी दोघं आत गुंठा मोजून बाहेर आलो, तर तू पाय हलवत आकडा तयार ठेवला व्हतास. बांधाकडची एक सरी मोजलीस, गुणलंस, आन् तात्याला म्हणालास, एकरी दोनशे टन.

दत्तोबा : दोनशे टन! उभ्या तालुक्यात कुणी काढला न्हाय येवढा. पृथ्वीवर कुठं निघत न्हाय.

सौरभ : म्हणून तर आकाशगंगेत शोधतोय.

अरफात : तवा तात्या लई हसलं. आन् मंग मला म्हणालं, बघ, जाणारा-येणारा असाच फसतो. बांधावरून अंदाज काढायचा न्हाय. मी तेच जन्मभर ध्यानात ठेवलं, अन् आज फळ्यावर लिवलं. माझं काय बी न्हाय त्यात. त्यो बांधाचा मुद्दा तुझाच हाय, भावा.

सौरभ : थांब. म्हणजे पहिलं बक्षीस माझ्या चुकीला मिळालं?

अरफात : व्हय.

सौरभ : आणि चूक करणारा तिसऱ्या रांगेत हात जोडून उभा होता.

अरफात : मी सांगणार व्हतो मॅडमना. पण म्हणलं तुला वाईट वाटंल.

सौरभ : मग बिल्ला बरोबर आहे. मी सहभागी होतो.

दत्तोबा : त्याच्याम्होरल्या मे म्हयन्यात बी तुला इच्यारलं. आठवीच्या. तू म्हणालास, क्लास हाय. नववीच्या मे म्हयन्यात म्हणालास, माझी फायनल हाय, क्रिकेटची. मंग मी इच्यारायचं सोडलं. अरफात मातुर दर सुट्टीत दारात येऊन हुबा राह्यचा.

सौरभ : तुम्ही चौथ्यांदा विचारायचं होतं.

दत्तोबा : व्हय. इच्यारायला पायजे व्हतं.

सौरभ : असं लगेच मान्य करू नका. मी पुढचं भांडण तयार ठेवलंय.

अरफात : आता मी जे सांगणार हाय त्याला ते वापर. तात्या, बक्षिसात दोन पास मिळाल्यात. नारायणगावाजवळ खोडदला त्या मोठाल्या दुर्बिणी हायेत न्हवं, आकाशातलं ऐकणाऱ्या, त्या आतनं दाखवणार हायेत. येत्या रविवारी. एक माझा पास, एक सोबत्याचा. सोबती तुमी.

सौरभ : बघा. नेला. ऊस परत आणला आणि बाप नेला.

अरफात : भावा, तू म्हणशील तर मी न्हाय जात. तू आन् तात्या जावा. पासवर नाव न्हाय लिवलेलं.

सौरभ : हे बघ, असं चांगलं वागू नकोस. आज दिवसभरात तुझं हेच मला सगळ्यात जास्त लागलंय. थोडा माज कर. मला काहीतरी धरायला मिळू दे.

अरफात : बरं. माझा पयला नंबर आला, तुझा न्हाय आला.

सौरभ : आता बरं वाटलं.

दत्तोबा : झालं तुमचं? मंग मी सांगतो. रविवारी मी अरफातसंगं जाणार.

सौरभ : ...जा.

दत्तोबा : बक्षीस त्याचं हाय. त्यानं बोलावलंय. आन् मला त्या दुर्बिणी बघायच्या हायेत. त्या लोकांनी आख्खं आकाश मोजायला कुठं गुंठा आखलाय, ते इच्यारायचंय मला.

सौरभ : जा म्हणालो ना. गुडघ्याचा पट्टा मी पिशवीत घालून देईन.

दत्तोबा : आन् तू उद्या सकाळी साताला मागच्या वावरात ये. बांधावर न्हाय. आत. पुऱ्या बाह्यांचा शर्ट घाल, कानाला रुमाल बांध. गुंठा तू आखायचा, मोजायचं तू. मी सरीत बादली पालथी घालून बसतो.

सौरभ : उद्या?

दत्तोबा : उद्या. अरफात, त्या कोनाड्यातली काळी वही दे.

अरफात : ही घ्या. तात्या, ह्यात मधी पेन्सिलीनं काय लिवलंय? 'सौरभ. एकरी दोनशे टन. बांधावरून.' आन् खाली रेघ.

सौरभ : ते तुम्ही लिहून ठेवलंत?

दत्तोबा : अंदाज आला की लिवायचा आसतो. कुणाचाबी आसू दे.

सौरभ : बारा वर्षं ठेवलात?

दत्तोबा : कच्ची नोंद व्हती. पक्की व्हायची वाट बघत व्हतो. सर बाजूला, उजेड येऊ दे. हं. लिवतो. 'सौरभ दत्तोबा रुपनवर. मोजणी शिकायला सुरुवात.' तारीख उद्याची.

सौरभ : आबा, एक अर्ज आहे.

दत्तोबा : आता कुणाच्या नावानं?

सौरभ : तुमच्या. माननीय शेतकी मदतनीस, निवृत्त.

दत्तोबा : विषय सांग आधी.

सौरभ : नोंदीची तारीख बदलून मिळणेबाबत.

अरफात : भावा, त्यांनी मामाला न्हाय दिली बदलून. तुला काय देत्यात?

सौरभ : मला माहीत आहे. अर्ज करायला काही बंदी नाही. 'महोदय, वरील विषयास अनुसरून कळवतो की, सदर अर्जदार बांधावर बसून होता, हे त्यास मान्य आहे. तसेच त्यास तीन वेळा विचारण्यात आले होते, हेही मान्य आहे. तरी त्याची नोंद उद्यापासून न धरता इयत्ता सातवीच्या मे महिन्यापासून, मागील तारखेने धरण्यात यावी, ही नम्र विनंती.'